चोवीस टोप्या, पंचवीस खंडोबा

"लिहून ठेवा सुभेदार! खडकवासल्याच्या अकादमीतली पोरं बी आपला गार्ड बघून गाडी थांबवतील, खाली उतरतील आन् सलाम ठोकून मगच पुढं जातील! असा बिल्ला बसवतो टोपीवर!"

हिंदुरावांनी टेबलावर मूठ आपटली. टेबल नवं होतं, मूठ नांगर धरलेली होती, त्यामुळे चहाचे दोन्ही कप बशीतून उठून पुन्हा बशीत बसले.

साल दोन हजार चार. खराडीत जिथं हिंदुरावांची ज्वारी डोलायची तिथं आता सात मजली काचेची इमारत उभी होती. आत संगणकवाले, बाहेर गार्ड, आणि गार्ड सगळे हिंदुरावांचे. जमीन देतानाच त्यांनी अट घातली होती की राखण आमचीच राहील. "आधी पाखरं हाकायचो, आता माणसं हाकतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. एजन्सीचं नाव 'मल्हार सिक्युरिटी'. चोवीस गार्ड, चोवीस शिट्ट्या, चोवीस निळ्या बेरे टोप्या. टोप्या मात्र बोडक्या होत्या, आणि तेच हिंदुरावांना टोचत होतं.

त्याला कारण होतं. अठराव्या वर्षी हिंदुराव सैन्यभरतीच्या रांगेत उभे राहिले होते आणि छाती अर्धा इंच कमी भरली म्हणून घरी आले होते. तेव्हापासून बिल्लेवाली टोपी समोर दिसली की ते आपोआप श्वास भरून छाती फुगवत आणि टोपी नजरेआड होईपर्यंत सोडत नसत. एकदा तर लग्नाच्या वरातीत बँडवाल्याच्या टोपीवर बिल्ला होता, तेव्हा बिचारे बेशुद्ध पडायला आले होते.

समोर बसलेले नागोराव मूळचे परभणीकडचे. अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, विश्रांतवाडीला घर बांधलं, आणि आता हिंदुरावांकडे सुपरवायझर होते; रोज बघून त्यांच्या टोपीवरच्या बिल्ल्याची तेवढी हिंदुरावांना सवय झाली होती. माणूस खुर्चीवरसुद्धा सावधानमध्ये बसायचा.

"कुठला बिल्ला बसवणार?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या टोपीवर हाय, तसलाच!"

नागोरावांनी आपला बिल्ला हातानं झाकला. "हा माझ्या पलटणीचा आहे. त्याची नक्कल केलीत तर पोलिसात पहिला मी जाईन. आधी राजीनामा देईन, मग जाईन."

"बरं बरं! मग आमचा आम्ही येगळा करू. वाघ टाकू!"

"वाघ नको, गरुड नको. चहाच्या पुड्यासारखं दिसेल. हिंदुराव, बिल्ला म्हणजे पत्र्याचा तुकडा नसतो. तो पलटणीचा देव असतो! डाव्या डोळ्याच्या बरोबर वर बसतो आणि जवान त्याच्यासाठी जीव देतो. तसा काही असेल तर करा."

आता हे सुभेदार बोलण्याच्या भरात बोलून गेले. तुमच्याआमच्यासारखा माणूस मान डोलावून चहा पिऊन उठला असता. हिंदुराव तसे नव्हते. हिंदुरावांना एखादी गोष्ट सांगितली की ते ती करत, ही त्यांच्यातली मोठीच अडचण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते देवघरात बसले. एरवी पूजा त्यांच्या आई, सरुबाई, करत. पण सरुबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या आठ दिवस विश्रांतवाडीला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. जाताना बजावून गेल्या होत्या, "हिंद्या, देव पाच हायती. मोजून पाण्यात घाल, मोजून भाईर काढ."

"आये, मला काय पाचापत्तुर मोजता येत न्हाय व्हय?"

"येतं. पर तू मोजत न्हाईस."

तर हिंदुरावांनी देव मोजून पाण्यात घातले, आणि खंडोबाचा टाक पुसताना त्यांचा हात थबकला. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवाची मूर्त, हाताच्या दोन बोटांवर मावेल एवढी. पाच पिढ्यांचा. खंडोबा घोड्यावर बसलाय, हातात तलवार उगारलीय, मागं म्हाळसा, खाली कुत्रं धावतंय. वरून गोल, खाली निमुळता.

"अरं तिच्या!" हिंदुराव ओरडले. "हा तर बिल्लाच हाय!"

घोडा होता. तलवार होती. डॉग स्क्वाडसुद्धा होतं! सिक्युरिटीला आणखी काय लागतं? शिवाय सुभेदारांचं म्हणणंही तंतोतंत पाळलं जात होतं. त्यांनी टाक रुमालात गुंडाळला, त्याच्या जागी झेंडूचं फूल ठेवलं आणि थेट कसब्यातली तांबट आळी गाठली.

तिथे आप्पासाहेब म्हणून एक जुने कारागीर होते. शाळांची पदकं, मंडळांचे बिल्ले, सगळ्यांचे ठसे त्यांच्याकडे होत. त्यांनी टाक हातात घेतला, भिंगातून पाहिला आणि चष्म्यावरून हिंदुरावांना पाहिलं.

"कशावर लावणार?"

"टोपीवर."

"देव?"

"व्हय."

"तुमची टोपी, तुमचा देव. किती?"

"चोवीस! नमुना हा. घरचा देव हाय, जपून. आन् सगळे एकसारखे दिसाय पायजेत. एक बी येगळा दिसता कामा नये. सगळ्यांना पाठीमागं पिन."

"लिहून द्या."

"कशाला? तोंडी सांगितलं की."

"तोंडी सांगितलेलं लोक नंतर बदलतात. लिहून द्या."

हिंदुरावांनी लिहून दिलं. सगळे एकसारखे. सगळ्यांना पिन. खाली सही. आप्पासाहेबांनी कागद घडी करून डब्यात टाकला. "मंगळवारी या. सोमवारी येऊन बसायचं नाही, बुधवारी येऊन ओरडायचं नाही."

मंगळवारी संध्याकाळी हिंदुराव गेले, तेव्हा पुठ्ठ्याचं खोकं दोऱ्यानं बांधून तयार होतं.

"मोजून घ्या," आप्पासाहेब म्हणाले.

"छ्या! इश्वास हाय तुमच्यावर!"

"विश्वास देवळात ठेवतात. इथं मोजतात."

पण हिंदुरावांना घाई होती. बुधवारी सकाळी इमारतीतल्या कंपनीत अमेरिकेहून मोठा साहेब येणार होता आणि त्याच्या आधी टोप्या सजायला हव्या होत्या. खोकं त्यांनी जाता जाता नागोरावांच्या हवाली केलं. "सकाळी सातला परेड. तुमच्या हातानं लावा," म्हणाले, आणि त्या आनंदात देवघराची आठवणही राहिली नाही. टाक खोक्यातच कुठेतरी कागदात गुंडाळलेला असेल, उद्या घेऊ.

बुधवारी सकाळी मल्हार सिक्युरिटीचे चोवीस जवान इमारतीपुढे ओळीत उभे होते. प्रत्येकाच्या डाव्या डोळ्याच्या बरोबर वर घोडेस्वार झळकत होता. उन्हात तर बघवत नव्हतं! मूळ टाकावरच्या खंडोबाचं नाक पाच पिढ्यांच्या आंघोळींनी झिजून सपाट झालं होतं. ठशात तेही जसंच्या तसं उतरलं होतं, त्यामुळे सगळेच खंडोबा नकटे होते. पण चोवीस नकटे एका ओळीत उभे राहिले की ती रीतच वाटते. हिंदुरावांचा ऊर भरून आला. आपणच करवून घेतलेल्या बिल्ल्यांपुढे ते छाती फुगवून उभे राहिले.

"सुभेदार, खोक्यात कागदात गुंडाळलेलं एक असंल बघा. तेवढं द्या," श्वास सोडत ते म्हणाले.

"खोक्यात आता फक्त पावती आहे."

"पावती?"

हिंदुरावांनी पावती उलगडली. वर ठसठशीत अक्षरात होतं: नग पंचवीस.

खिशातला मोबाइल काढून त्यांनी तांबट आळी गाठली.

"आप्पासाहेब! माझा देव कुठाय?"

"दिला की काल."

"मी चोवीस सांगितले व्हते! पंचवीस कसे?"

"चोवीस नवे, एक तुमचा. तुमचा काळा पडला होता. घासला, बाकीच्यांसारखा मुलामा चढवला, डाग देऊन पिन बसवली. त्याची मजुरी धरलेली नाही."

"आवं पर कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळे एकसारखे, सगळ्यांना पिन. तुमची सही आहे. सगळे म्हणजे सगळे."

"आता त्यो वळखायचा कसा?"

"ओळखू येत नाही?"

"न्हाय वो!"

"म्हणजे काम चांगलं झालंय." आणि फोन ठेवता ठेवता त्यांना दया आली असावी. "वाजवून बघा. चांदी खणकन वाजते, पितळ बद्द बोलतं. कान असेल तर कळेल."

आता तुम्हीच सांगा, पाच पिढ्यांचा देव कुठल्या वॉचमनच्या टोपीवर बसलाय हे ठाऊक नसलेल्या माणसानं काय करावं? चंपाषष्ठी दोन आठवड्यांवर आलेली! त्या दिवशी घरात तळी भरायची, त्याच टाकापुढे भंडारा उधळायचा, रोडगा आणि वांग्याच्या भरताचा नैवेद्य दाखवायचा. टाक जागेवर नसला तर सरुबाई नैवेद्य करणार नाहीत, जेवणार नाहीत, आणि मग हिंदुरावांना कुणी जेवू घालणार नाही. शिवाय सरुबाई आजच परत येणार होत्या! हिंदुरावांनी कॅन्टीनमधून चमचा मागून घेतला.

पहिला गार्ड होता शंभू. हिंदुराव त्याच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी चमच्यानं त्याच्या टोपीवर हलकेच मारलं. आवाज आला नाही, कारण बिल्ल्याच्या मागं जाड लोकर होती आणि लोकरीच्या मागं शंभू होता. त्यांनी जरा जोरात मारलं.

"मालक!" शंभू कळवळला.

"गप! हालू नगंस. ऐकतोय मी."

ते दुसऱ्याकडे गेले. मग तिसऱ्याकडे. कामावर येणारे इंजिनिअर थांबून बघू लागले. त्यातच एक होता साईनाथ, हिंदुरावांचा मुलगा. तो याच कंपनीत तिसऱ्या मजल्यावर होता. गेले आठ महिने तो 'बेंच'वर होता. म्हणजे पगार चालू, काम बंद. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर लागून तयार, पण पाठवायला प्रोजेक्ट नाही. सरुबाईंना हा प्रकार समजावून सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "म्हंजे सरपंचावानीच की!"

"दादा, हे काय चाललंय?" साईनाथनं दबक्या आवाजात विचारलं. "माझा मॅनेजर बघतोय! तुम्ही माणसांना चमच्यानं का मारताय?"

"मारत न्हाय, वाजवतोय."

"का पण?"

मग हिंदुरावांनी त्याच्या कानात सगळं सांगितलं. त्यांचं कुजबुजणं बांधावरून बांधावर ऐकू जाईल असं असे, त्यामुळे ते शंभूनंही ऐकलं.

"मालक," शंभू हळूच म्हणाला, "म्हंजे ह्यातला एक... खरा हाय?"

"व्हय रं बाबा."

शंभूनं क्षणभर विचार केला. मग तो खाली वाकला आणि त्यानं बूट काढले.

"अरं, हे काय?"

"डोस्क्यावर कुलदैवत, आन् पायात चामडं? मला न्हाय जमायचं मालक. माझ्यावरच असला तर?"

पाच मिनिटांत बातमी चोवीस कानांवर गेली आणि चोवीस जोड बूट ओळीनं भिंतीला लागले. नागोराव संतापानं लाल झाले. "सावधान! बूट चढाव!" त्यांनी हुकूम सोडला. एकानंही ऐकलं नाही. सावधानमध्ये मात्र सगळे उभे राहिले, कारण डोक्यावर देव असताना वाकडं कोण उभं राहील?

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण तळघरातल्या पार्किंगवर ज्यांची ड्यूटी होती त्या चौघांच्या डोक्यात आलं, की आपण तळघरात उभे राहिलो तर वरच्या मजल्यावरचे लोक देवाच्या डोक्यावरून चालणार! आणि तेही बूट घालून! ते चौघे तळमजल्यावर आले. तळमजल्यावरच्यांना पहिला मजला आठवला. ते पहिल्यावर गेले. पहिल्यावरच्यांनी दुसरा गाठला. प्रत्येकाचं म्हणणं रास्त होतं, त्यात खोट काढता येईना. साडेदहाच्या सुमाराला मल्हार सिक्युरिटीचे चोवीसच्या चोवीस गार्ड अनवाणी, खडे, सातव्या मजल्याच्या वर, गच्चीवर उभे होते. कारण तिथंच काय ते देवाच्या वर कुणी नव्हतं.

फाटकावर एकटे नागोराव उरले. त्यांच्या टोपीवर त्यांच्या पलटणीचा बिल्ला होता.

कंपनीच्या ॲडमिनमधली अपेक्षा धावत खाली आली. "अंकल, काय चाललंय? क्लायंट दहा मिनिटांत पोचतोय आणि एकाही मजल्यावर सिक्युरिटी नाही! सगळे गेले कुठे?"

"वर," नागोराव म्हणाले.

"वर म्हणजे?"

"मॅडम, मला विचारू नका. मी अठ्ठावीस वर्षांत असली पलटण पाहिलेली नाही."

"ओके, ते मी बघते. गेस्टला द्यायला काही आहे का हो? शाल आहे, नारळ आहे, मोमेंटो आलाच नाही अजून!"

नागोराव सरळ माणूस. सकाळी टोप्यांना बिल्ले लावल्यावर एक जास्तीचा निघाला होता आणि तो त्यांनी खिशात जपून ठेवला होता. मालकांना सांगायचं म्हणत होते, तर मालक चमचा घेऊन फिरत होते. "हा चालेल?" त्यांनी विचारलं.

"वॉव! हॉर्स! सो एथनिक!" अपेक्षानं तो मखमली डबीत ठेवला आणि ती पळाली.

तेवढ्यात फाटकासमोर रिक्षा थांबली. आतून काळा चष्मा लावलेल्या सरुबाई उतरल्या. एका हातात पूजेचं ताट, दुसऱ्या हातात भंडाऱ्याची पिशवी. घरी पोचल्या पोचल्या त्यांनी देवांवरून हात फिरवला होता. चार देव लागले होते आणि पाचवं फूल लागलं होतं. मग शंभूच्या आईनं, सोजरबाईनं, उरलेली बातमी कुंपणावरून पुरवली होती. पोरानं तिला कॅन्टीनच्या फोनवरून कळवलं होतं, की आये, आज माझ्या डोस्क्यावर बहुतेक खंडोबा हाय.

"पास?" नागोरावांनी अडवलं.

"कसला पास? तू उभा हायस तिथं माझा गोठा व्हता! हिंद्या कुठाय?"

नागोरावांनी गुमान लिफ्टचं बटण दाबून दिलं.

गच्चीवर हिंदुराव चमचा घेऊन विसाव्या गार्डापर्यंत आले होते आणि सगळ्यांचा आवाज सारखाच येत होता. लिफ्टचं दार उघडलं. आईला पाहून त्यांच्या हातातला चमचा गळून पडला. बघा, चमचा मात्र खणकन वाजला.

"आये, म्या सांगतो..."

"सांगू नगंस. दिसत न्हाय मला, पर ऐकू येतंय." सरुबाईंनी ताट त्यांच्या हातात दिलं. "मोजलेस?"

हिंदुराव पायानं चमचा बाजूला सारू लागले.

"बोल की! मोजून घेतलेस का?"

"न्हाय आये."

सरुबाई शंभूपुढे गेल्या, त्याला खाली वाकायला लावलं आणि टोपीवरच्या बिल्ल्यावर अंगठा फिरवला. पन्नास वर्षं रोज सकाळी याच अंगठ्यानं त्यांनी त्या देवाला आंघोळ घातली होती. डोळ्यावर काळी काच असली तरी अंगठ्याला मोतीबिंदू झालेला नव्हता.

"न्हाय," त्या म्हणाल्या. पण देवाचं रूप समोर आलं आणि नुसतं सोडून दिलं हे कसं चालेल? त्यांनी चिमूटभर भंडारा बिल्ल्याला लावला, चिमूटभर शंभूला. "येळकोट येळकोट जय मल्हार!"

"जय मल्हार!" चोवीस जण गरजले. मजल्यांवरच्या काचा थरथरल्या.

दुसरा. "न्हाय." भंडारा. जय मल्हार! तिसरा. "न्हाय."

याच वेळी अपेक्षा क्लायंटला घेऊन गच्चीवर आली. वॉल्टर म्हणून साडेसहा फुटी, पिंगट केसांचा साहेब. त्यानं गाडीतून उतरताच विचारलं होतं की तुमची सुरक्षा व्यवस्था कुठे आहे, आणि अपेक्षाला खोटं बोलता आलं नव्हतं. वॉल्टरनं पाहिलं. अनवाणी, ताठ उभी माणसं. डोक्यावर चांदीचे घोडेस्वार. पहिल्या तिघांच्या कपाळावर पिवळी हळद. आणि काळा चष्मा लावलेली एक म्हातारी एकेकाच्या कपाळाला हात लावून, कठोर चेहऱ्यानं मान हलवून, पुढे जातेय.

"इज शी... द हेड ऑफ सिक्युरिटी?" त्यानं अपेक्षाला विचारलं.

अपेक्षा त्या दिवशी सकाळपासून पुष्कळ शहाणी झाली होती. "येस," ती म्हणाली. "डेली इन्स्पेक्शन."

सरुबाई ओळीच्या टोकाशी आल्या. चोविसावा. अंगठा. "न्हाय." आणि पंचविसावा म्हणून समोर जो उभा होता त्याच्याही कपाळाकडे त्यांचा हात गेला. कपाळ फार वर होतं. "वाक की रं बाबा," त्या म्हणाल्या. साहेब वाकला. त्यांनी मूठभर भंडारा त्याच्या केसांत ओतला. साहेबाचे डोळे पाणावले, कारण थोडा डोळ्यांत गेला होता. पण तो हसत होता, जय मल्हार म्हणायचा प्रयत्न करत होता, आणि खाली जाताना अपेक्षाला सांगत होता, की अशी शिस्त मी जगात कुठं पाहिली नाही.

दीडच्या सुमाराला त्याची गाडी विमानतळाकडे निघाली. बरोबर शाल, नारळ आणि मखमली डबी. आणि गाडी फाटकाबाहेर गेल्यावर नागोराव गच्चीवर आले.

"हिंदुराव, सकाळपासून सांगायचं राहिलं. बिल्ला एक जास्तीचा निघाला होता."

हिंदुराव जिन्यावर डोकं धरून बसले होते. त्यांनी मान वर केली. "कुठाय?"

"मॅडमना दिला. पाहुण्याला द्यायला."

हिंदुरावांनी जीप अशी हाकली, की खराडी ते लोहगाव विमानतळ हे अंतर रस्त्याला स्वतःलाच कळलं नसेल. पण विमानतळाच्या दाराशी एक जवान उभा होता. डोक्यावर बेरे, डाव्या डोळ्याच्या बरोबर वर खरा, सरकारी बिल्ला.

"तिकट?"

हिंदुरावांना सांगायचं होतं, की साहेब, माझं कुलदैवत आत गेलंय, त्याचं तिकट कुणी बघितलं? पण समोर बिल्ला होता. छाती आपोआप फुगली, श्वास अडकला, तोंडातून शब्द फुटेना. तसेच उभे राहिले. मागं विमान उडाल्याचा आवाज आला तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

घरी सरुबाई देवघरापुढे बसल्या होत्या.

"मिळाला?"

"न्हाय आये."

"कुठं गेला?"

"अमेरिकेला."

साईनाथ दाराशी उभा होता. आठ महिने व्हिसा उराशी धरून बसलेला तो पोरगा आपल्या आधी देव ऑनसाइट गेला हे पचवायचा प्रयत्न करत होता.

"चंपाषष्ठीला देव जागेवर पायजे," सरुबाई म्हणाल्या. "तवापत्तुर मी एकभुक्त ऱ्हाणार. न्हाय आला, तर पानाला हात लावायची न्हाय." आणि त्यांनी देवाच्या जागेवरच्या फुलावरून अंगठा फिरवला. "सासूनं माझ्या हातावर ठेवला व्हता रं त्यो. संभाळ म्हनली व्हती."

हिंदुरावांना भडभडून आलं. तुम्ही म्हणाल विनोदी गोष्टीत हे काय! पण पन्नाशीचा माणूस आईसमोर फुलाकडे बघत रडला, हे खरं आहे.

पुढचं मात्र भराभर घडलं. शनिवारी सकाळी साईनाथच्या मॅनेजरला वॉल्टर साहेबाची मेल आली. जी कंपनी आपली गच्ची इतक्या निष्ठेनं राखते, तिच्या हाती आपलं सगळं काम द्यायला आपण तयार आहोत. एक माणूस ताबडतोब पाठवा. ताबडतोब जाऊ शकेल, पासपोर्टवर व्हिसा आहे आणि हाताला काम नाही असा माणूस कंपनीत एकच होता.

"बाळा," निघताना सरुबाई त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "देवाला घेऊन ये."

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. "आजी, सापडला! साहेबांनी मासे धरायला जायच्या टोपीवर लावला होता!"

"मासं?" सरुबाई किंचाळल्या. "खंडोबाच्या षड्रात्रात?"

साईनाथनं साहेबाला सगळं नीट समजावलं. साहेब भला माणूस. त्यानं लगेच टोपी काढली, बिल्ला काढला, हात धुतले, आणि मग बिल्ला दिला. चंपाषष्ठीच्या सकाळी कुरिअरवाला दारात उभा राहिला. पाकिटावर इंग्रजीत छापलेलं होतं: टोपीचा बिल्ला, वापरलेला, किंमत शून्य.

"काय लिवलंय?" सरुबाईंनी विचारलं.

"देव, जपून आणावा," हिंदुराव म्हणाले.

सरुबाईंनी अंगठा फिरवला. एकदा फिरवला, दोनदा फिरवला. "हाच," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी भरतात तेल जरा जास्तच पडलं. तळी भरली, भंडारा उधळला, चोवीस गार्ड जेवून गेले. बूट बाहेर काढून. नव्या बिल्ल्यांसाठी हिंदुराव आदल्या दिवशीच तांबट आळीत जाऊन आले होते. "या वेळी नमुना काय?" आप्पासाहेबांनी विचारलं. "नमुना न्हाय, नुसतं नाव," हिंदुराव म्हणाले. "शहाणे झालात. लिहून द्या."

संध्याकाळी साईनाथचा फोन आला. "आजी, पोचला का?"

"पोचला. तू कवा येतोस?"

"आजी, प्रोजेक्ट दोन वर्षांचं आहे. पुढं कदाचित वाढेल."

"असं व्हय," सरुबाई म्हणाल्या. "जेवत जा."

फोन ठेवून त्या देवघरापुढे येऊन बसल्या. टाक आता ताम्हनात सपाट बसत नव्हता. पाठीमागं आप्पासाहेबांनी डाग देऊन बसवलेली पिन होती, त्यामुळे खंडोबा घोड्यासकट एका अंगावर कलत होता.

"आये, दे इकडं," हिंदुराव म्हणाले. "उद्या जाऊन पिन काढून आणतो. या वेळी मोजून नेतो, मोजून आणतो."

सरुबाईंनी टाक उचलून पदराआड घेतला.

"ऱ्हाऊ दे पिन," त्या म्हणाल्या. "दोन वरसांत पोरगं आलं न्हाय, तर ह्याला पुन्यांदा धाडायचाय."